दीक्षेची दी दीर्घ

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मनावरचं ओझं तरी उतरेल. माझ्या मुलीने पाळक, म्हणजे धर्मगुरू, होण्यासाठी आमच्या चर्चच्या मंडळीकडे शिफारस मागितली, तेव्हा कमिटीत गुप्त मतदान झालं. नऊपैकी पाच जणांनी ‘नाही’ म्हटलं. त्या पाचांतला एक मी होतो. तिचा बाप. ही गोष्ट मी सहा वर्षं कोणालाही सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

आणि ज्या आठवड्याबद्दल मी लिहितोय, त्या आठवड्याच्या शेवटी तीच मुलगी आमच्याच चर्चमध्ये पाळकपदाची दीक्षा घेणार होती. मंडळीच्या इतिहासात पहिली बाई. मी इतका हरखलो होतो, की सकाळी चहात साखर घातली की नाही हे आठवेना म्हणून दोनदा घालायचो, आणि बायको म्हणायची, “दीक्षा तिची आहे, अंगात तुमच्या आलंय.” तिचं खरं होतं. पण आनंदाची उकळी फुटली की तिच्या पाठोपाठ मतदानाची ती चिठ्ठी आठवायची.

मी निवृत्त मराठी शिक्षक. नारायण पेठेत राहतो. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारले आणि निवृत्तीनंतरही ते पेन खिशातून निघालं नाही. हॉटेलचं मेन्युकार्ड, लग्नाची पत्रिका, मयताची जाहिरात, काहीही हातात आलं की मी आधी वेलांट्या बघतो. लोक मला टरकून असतात आणि मला ते आवडतं, हेही कबूल करतो.

आमच्या घरात ख्रिस्ती धर्म चार पिढ्यांचा. कसब्याच्या बाजूला आमचं छोटंसं मराठी चर्च आहे. मुलांच्या रविवारच्या वर्गाला आम्ही जुन्या वळणाने शब्बाथ शाळा म्हणतो. तिथेही मास्तर मीच. याजक म्हणजे कोण, हा माझा आवडता धडा. याजक म्हणजे देव आणि माणसं यांच्या मध्ये उभा राहणारा. माणसांचं गाऱ्हाणं तो देवाकडे नेतो आणि देवाची क्षमा माणसांकडे आणतो. पूर्वी तो लोकांच्या पापांसाठी वेदीवर कोकरू अर्पण करायचा. मग ख्रिस्त आला, आणि तो स्वतःच याजक झाला आणि स्वतःच कोकरू. एकदाच, सगळ्यांसाठी. त्यानंतर मधली भिंत गेली, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा प्रत्येक माणूस याजक झाला. एवढं सांगून मी वर्गाला विचारायचो, “मग याजक कोण?” पोरं ओरडायची, “आम्ही सगळे!” सगळ्यांत मोठा आवाज पहिल्या बाकावरच्या माझ्या मुलीचा असायचा.

तिने ते मनावर घेतलं, ही काय तिची चूक?

धर्मशास्त्राचं शिक्षण संपवून ती आली आणि अर्ज केला. कमिटीचा सचिव मी. त्या दिवशी छापून आलेल्या चिठ्ठ्यांवर ‘दिक्षेसाठी शिफारस: होय / नाही’ असं लिहिलेलं होतं. दिक्षा! ऱ्हस्व! माझं डोकंच फिरलं. त्या संतापात मी बसलो, हाताचा आडोसा केला आणि ‘नाही’वर खूण केली. बाहेर पडताना स्वतःला समजावलं, की बापाने वशिला लावला असं उद्या कोणी म्हणायला नको. हे खोटं होतं. खरं कारण इतकं क्षुल्लक होतं की लिहायला लाज वाटते. उद्या ती पाळक झाली, तर प्रभुभोजनाची भाकर घेताना मला तिच्यापुढे गुडघे टेकावे लागणार होते. जिला मी पाटीवर ‘अ’ गिरवायला शिकवलं तिच्यापुढे हात पसरायचे, हे काही माझ्या मनाला पटेना.

इतिवृत्तात ‘शिफारस नामंजूर’ असं मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि चिठ्ठ्यांचं पाकीट नियमाप्रमाणे घरी आणून कपाटात ठेवलं.

ती रडली नाही. सातारच्या बाजूला एका खेड्यात प्रचारिका म्हणून गेली. तिथे उपदेश तीच करायची, आजाऱ्यांच्या उशाशी तीच बसायची, मयताला तीच उभी राहायची. फक्त प्रभुभोजन द्यायची तिला परवानगी नव्हती. भाकर आणि द्राक्षारस द्यायला दीक्षित पाळक लागतात, आणि ते दोन महिन्यांतून एकदा मोटरसायकलवर यायचे. एकदा तिने फोनवर सांगितलं, की एक म्हातारी शेवटच्या दिवशी प्रभुभोजन मागत होती आणि पाळक पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. “बाबा, आहात ना?” तिने विचारलं. मी म्हणालो, “आहे.”

दर शनिवारी ती फोन करायची. उद्या अमुक वचनावर बोलायचंय, कसं मांडू? आणि मी तासभर बोलायचो. मला वाटायचं, मी भरपाई करतोय.

आमच्या शेजारी संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक राहतात. घरच्या देवांची पूजा स्वतः करतात आणि माझ्याशी वाद घातल्याशिवाय त्यांना संध्याकाळचा चहा गोड लागत नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. “आमच्याकडे प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं. तुमच्याकडे दुसऱ्याने घेतलेलं चालतं. छान सोय आहे.” मी दर वेळी चिडून सांगायचो, की ही सोय नाही, ही कृपा आहे. ते म्हणायचे, “शब्द बदलून काय होतं, मास्तर?” आणि हे मला जास्तच झोंबायचं, कारण शब्द बदलल्याने सगळं होतं असं मी जन्मभर शिकवलं होतं.

शेवटी मंडळीची कमिटी बदलली, नव्या लोकांनी एकमताने शिफारस केली आणि तारीख ठरली. निमंत्रणाचा फ्लेक्स करायचं काम मी हट्टाने अंगावर घेतलं. वरची ओळ तर माझ्या डोक्यात सहा वर्षं तयारच असावी: ‘आपण सर्व राजकीय याजकगण’. आमच्या शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, हा जुना शब्दप्रयोग. राजकीय म्हणजे राजाचे, राजघराण्यातले. देवाच्या राज्यात प्रत्येक विश्वासणारा राजघराण्यातला याजक आहे, असा अर्थ. खाली मुलीचा फोटो. पांढरी साडी, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू.

कसब्यात फ्लेक्स छापणारा माणूस माझाच जुना विद्यार्थी. त्यांचं मुसलमान कुटुंब तिथे किती पिढ्या आहे कोण जाणे. आजोबा पाट्या रंगवायचे. आम्ही मराठी ख्रिस्ती एकमेकांना सलाम म्हणतो, तोही सलाम म्हणतो, त्यामुळे आमचं सुरुवातीलाच जमतं. त्याने मजकूर वाचला आणि मान खाजवली.

“सर, बोलू का? इलेक्शन लागलंय. आचारसंहिता आहे. पांढरी साडी, जोडलेले हात आणि वर राजकीय. पब्लिक चिन्ह शोधेल.”

“राजकीयचा मूळ अर्थ माहीत आहे का तुला?”

“तुम्हीच शिकवलाय, सर. पण रस्त्यावरच्या माणसाला तुम्ही नव्हतात ना शिकवायला.”

मी म्हणालो, “छाप.” त्याने छापलं. मागून पुटपुटला, “मी सांगितलं होतं हे लक्षात ठेवा, सर.”

फ्लेक्स आमच्या गल्लीच्या तोंडाशी लागला त्याच दुपारी मी स्कूटरवरून कात्रजला गेलो. मुलगी सातारच्या बसने येणार होती. बस थांबली आणि ती पिशवी खांद्याला लावून उतरली, तेव्हा न राहवून मी हॉर्नच वाजवला. ती समोर दोन हातांवर उभी. “दिसलात, बाबा,” ती म्हणाली. घरी येईपर्यंत मी अखंड बोलत होतो. बिशपसाहेब किती वाजता येणार, मांडव कुठे, जेवणाला काय, आईने झगा कसा शिवलाय. ती मागे बसून हसत होती. दोनदा वाटलं, आत्ताच सांगावं. स्कूटरवर तोंड दिसत नाही, बरं असतं. पण सिग्नल सुटला आणि मी पुन्हा जेवणाच्या यादीवर आलो.

गल्लीत शिरलो तर फ्लेक्सखाली दहा-बारा माणसं. प्राध्यापक पुढेच. “कन्येला तिकीट मिळालं म्हणे. अभिनंदन,” ते म्हणाले. “पक्ष कोणता, एवढं लिहायचं राहिलंय.”

निवडणुकीच्या पथकातला एक माणूस शिडी लावून फ्लेक्स उतरवत होता आणि दुसरा कागद घेऊन उभा होता. माणूस सभ्य होता. त्याने विचारलं, “हा मजकूर कोणी दिला? लेखी खुलासा लागेल. खुलासा होईपर्यंत कार्यक्रमाच्या मांडवाचीही परवानगी थांबेल.”

साधा प्रश्न होता. उत्तर दोन शब्दांचं होतं. पण समोर प्राध्यापक, बाजूला माझे दोन जुने विद्यार्थी, वरच्या गॅलरीत बायका. आणि मला, मराठीच्या मास्तराला, चारचौघांत म्हणायचं होतं की मी एका शब्दात चुकलो. माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही.

“मी दिला,” मुलगी म्हणाली. “कार्यक्रम माझा आहे, जबाबदारीही माझी. कुठे लिहायचं?”

तिने माझ्याच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला आणि लिहू लागली. ‘राजकीय’चा इथला अर्थ, कोणत्याही पक्षाशी संबंध नाही, गैरसमजाबद्दल... इथे ती थांबली. मान वर न करता तिने विचारलं, “बाबा, ‘दिलगीर’मधली दि ऱ्हस्व ना?”

“ऱ्हस्व,” मी म्हणालो. तेवढंच बोललो.

तिने सही केली. त्या माणसाने कागद वाचला, हसला, म्हणाला, “ठीक आहे मॅडम, शब्द तेवढा बदला, मांडवाचं होऊन जाईल,” आणि गेला. गर्दी पांगली. मुलगी आईला भेटायला वर धावली. प्राध्यापक मागे राहिले. मला वाटलं, आता टोमणा येणार.

“मास्तर,” ते हळू आवाजात म्हणाले, “चूक तुमची आणि दिलगिरी तिची. तुम्ही इतकी वर्षं जे मला सांगत होतात, ते हेच का?”

मी हो म्हणालो.

“मग ही सोय नाही बुवा,” ते म्हणाले. “तुमचं तोंड बघून तर अजिबात वाटत नाही.”

वीस वर्षांच्या वादात त्यांनी पहिल्यांदा माघार घेतली आणि मला जिंकल्यासारखं काडीमात्र वाटलं नाही. स्वतः प्रायश्चित्त घेणं सोपं असतं. उपास करा, नाक घासा, हिशोब मिटला. दुसरा आपल्यासाठी मध्ये उभा राहतो तेव्हा आपल्याकडे करण्यासारखं काहीच उरत नाही. फक्त खरं बोलणं उरतं. आणि तेच मी सहा वर्षं टाळत होतो.

रविवार उजाडला. चर्च गच्च भरलं होतं. खेड्यातून तिची माणसं टेम्पो करून आली होती, नऊवारीतल्या बाया पुढच्या बाकांवर हक्काने बसल्या होत्या. फ्लेक्सवाला मागे उभा होता, प्राध्यापक चक्क धुतलेल्या उपरण्यात आले होते. पेटी वाजली, गीत सुरू झालं, आणि पांढऱ्या झग्यात माझी मुलगी मधल्या वाटेने चालत आली.

दीक्षाविधीत एक प्रथा आहे. हात ठेवण्याआधी बिशपसाहेब लोकांकडे वळून विचारतात, की या व्यक्तीला दीक्षा द्यायला कोणाची हरकत असेल तर त्याने आता उभं राहून सांगावं. मी असे किती विधी पाहिलेत. कोणी कधी उभं राहत नाही. सगळे दोन श्वास थांबतात, पंख्यांचा आवाज ऐकतात आणि विधी पुढे सरकतो.

बिशपसाहेबांनी विचारलं. आणि मी उभा राहिलो.

मागे कोणाच्या तरी हातातलं गीतपुस्तक पडलं. बायकोने माझा सदरा धरून खाली ओढला. मुलगी माझ्याकडे बघत होती, अगदी शांत.

“हरकत नाही,” मी म्हणालो. “हरकत सहा वर्षांपूर्वी घेतली होती. चिठ्ठीवर, नाव न घालता. एका मताने हिची शिफारस गेली. ते मत माझं होतं. कारण मला माझ्या मुलीपुढे गुडघे टेकायचे नव्हते. परवाचा फ्लेक्सही माझाच, तो तिने अंगावर घेतला. तिने माझं घेतलं तेवढं पुरे झालं. एवढंच.”

बायकोचा हात सदऱ्यावरून सुटला. पंखे फिरत होते. बिशपसाहेब मुलीकडे वळले. “तुम्हाला काही म्हणायचंय?”

“नाही, बिशपसाहेब,” ती म्हणाली. “बाबांना बसायला सांगा. त्यांचा गुडघा दुखतो.”

आधी खेड्यातल्या बाया हसल्या, मग सगळं चर्च हसलं. बिशपसाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, ही योग्य आहे का, आणि लोकांनी असं काही “योग्य आहे!” म्हटलं की खिडक्यांच्या काचा हलल्या. मीही ओरडलो. शब्बाथ शाळेतल्या पोरासारखा, जोर लावून. बायको माझ्याकडे बघत नव्हती, पण ओरडली तीही.

मग बिशपसाहेबांनी आणि इतर पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. आणि त्याच उपासनेत तिने पहिलं प्रभुभोजन दिलं. मी वेदीपुढच्या कठड्यापाशी गेलो आणि गुडघे टेकले. खरोखर दुखले. हात पुढे केले. ती एकेकाला भाकर देत माझ्यापर्यंत आली. इतरांना जे शब्द म्हणाली तेच मला म्हणाली, त्याच आवाजात, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. हे शरीर तुझ्यासाठी दिलं. ‘तुझ्यासाठी.’ घरात ती मला अहो-जाहो करते. जन्मात पहिल्यांदा माझ्या मुलीने मला एकेरीत संबोधलं आणि मला ते इतकं बरोबर वाटलं, की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

नंतर मांडवात पंगत बसली. बायको माझ्याशी बोलत नव्हती. “घरी चला, मग बघते,” एवढंच म्हणाली, आणि ते योग्यच होतं. मी कोपऱ्यात ताट घेऊन बसलो. मुलगी झगा काढून, पदर खोचून वाढायला उभी होती. वाढत वाढत ती माझ्याशेजारी येऊन बसली.

“त्या म्हातारीचं काय?” मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

तिचा चेहरा उतरला. “ते राहिलंय, बाबा. मी तिचा हात धरून बसले होते, पाणी पाजलं. परवानगी नव्हती. ते मला अजून जड जातं.” तिने ते लपवलं नाही आणि मीही खाली बघितलं नाही.

मग तिने शास्त्राच्या आपल्या जुन्या प्रतीतून एक कागद काढला. खूण म्हणून ठेवलेला, कडा मऊ झालेला. ‘दिक्षेसाठी शिफारस: होय / नाही.’ ‘नाही’वर निळी खूण. आणि वर ‘दि’ची ऱ्हस्व वेलांटी लाल पेनाने खोडून दीर्घ केलेली.

ती दुरुस्ती केल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. हात आपोआप चालला असणार.

“साताऱ्याला जायच्या आधी सर्टिफिकेट शोधत होते,” ती म्हणाली. “तुमच्या कपाटात पाकीट सापडलं. अख्ख्या पुण्यात गुप्त मतदानात शुद्धलेखन तपासणारा दुसरा माणूस आहे का?”

“म्हणजे सहा वर्षं...”

“सहा वर्षं.”

म्हणजे सगळे शनिवार. सगळे फोन. मी भरपाई करत होतो असं मला वाटत होतं आणि ती माझा अपराध पोटात घालून मला विचारत होती, बाबा, हे वचन कसं मांडू?

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून,” ती म्हणाली. मग कागदावर बोट ठेवून, थेट माझ्या वर्गातल्या आवाजात, “शुद्धलेखन बरोबर आहे. उत्तर तेवढं चुकलं होतं.”

मी हात पुढे केला आणि ती चिठ्ठी परत मागितली. “मिळणार नाही,” ती म्हणाली, चिठ्ठी पुन्हा होती तिथे ठेवली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.